गोंगाटात शिरताना: पंक जॅझ पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

कुणीतरी मित्र फोनवर एक तुकडा पाठवतो. सॅक्सोफोन किंचाळत असतो, जिन्यावरून भांडी गडगडत यावीत तसे ड्रम वाजत असतात, गिटार सुरात आहे की नाही तेही कळत नाही. फोनच्या टिचभर स्पीकरमधून हे सगळं पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखं ऐकू येतं. अर्ध्या मिनिटात माणूस ते बंद करतो आणि मित्राला विचारतो, "हे काय आहे?" हे पंक जॅझ, मुक्त जॅझ आणि उग्र रॉक यांच्या संगमातून आलेलं संगीत.

मीही हेच केलं होतं. माझा कान पुण्यात घडलेला. घरात नाट्यसंगीत, डिसेंबरात सवाई. पुढे नोकरीनिमित्त काही वर्षं ॲम्स्टरडॅमला राहिलो. तिथे एका सहकाऱ्याबरोबर जेमतेम साठ माणसं मावतील अशा तळघरात एका संध्याकाळी गेलो. तेच संगीत होतं, पण ओळखू येईना. बासचा आवाज तळपायातून वर चढत होता. फोनवर जी नुसती किंकाळी होती, ती इथे जाड, ओलसर, श्वासाने भरलेली हाक होती आणि तिच्या आत दोन-तीन सूर एकमेकांशी झोंबत होते. मला आवडलं नव्हतं ते या संगीतातलं नव्हतंच. ते फोनमधलं होतं.

म्हणून माझं सांगणं असं की हे संगीत खोलीत घडतं. वाद्यं, भिंती, छत, गर्दी आणि आपण उभे आहोत ती जागा, हे सगळं मिळून ते तयार होतं. ते समजून घ्यायचं तर खोली समजून घ्यायला हवी. पण तिथवर पोचण्याआधी घरी थोडी तयारी केलेली बरी.

आधी नावाचा गुंता सोडवा

"पंक जॅझ" असं शोधलंत तर पहिल्याच झटक्यात चुकीच्या गल्लीत शिरण्याची शक्यता आहे. वेदर रिपोर्ट या बँडच्या १९७८ सालच्या "मिस्टर गॉन" या अल्बमवर जॅको पास्टोरियसची "पंक जॅझ" याच नावाची रचना आहे. बासवादन म्हणून ती थोरच, पण तो जॅझ-रॉक फ्यूजनचा, कमालीच्या सफाईचा प्रांत. तुम्ही शोधताय ते त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या दक्षिण मॅनहॅटनमध्ये चाललं होतं. तिथे "नो न्यूयॉर्क" हा संग्रह १९७८ मध्ये निघाला. निर्माता ब्रायन ईनो. चार बँड, प्रत्येकाची चार गाणी. त्यातला द कन्टॉर्शन्स हा बँड जेम्स चान्स नावाच्या सॅक्सोफोनवाल्याचा. तो एकीकडे जेम्स ब्राउनच्या फंकचा, म्हणजे नाचायला लावणाऱ्या संगीताचा, ठेका धरायचा, दुसरीकडे त्यावर ऑल्टो सॅक्स चिरफाड केल्यासारखा वाजवायचा आणि मंचावरून उतरून प्रेक्षकांच्या अंगावरही जायचा. या सगळ्या घोळक्याला "नो वेव्ह" म्हणतात. १९७८ मध्येच जॉन लुरी या सॅक्सोफोनवाल्याने द लाउंज लिझर्ड्स हा बँड सुरू केला. आपल्या वाजवण्याला तो "फेक जॅझ", म्हणजे खोटं जॅझ म्हणायचा. हे नाव त्याला पुढे बरीच वर्षं चिकटलं.

नंतर जॅझकोअर, स्क्रॉन्क अशी आणखी नावं आली. त्यांच्या सीमारेषांवर तासन्‌तास वाद घालणारे भेटतील. नवख्याने त्यात पडू नये. लक्षात ठेवायचं ते इतकंच की याला दोन बाजूंनी पाणी येतं. एका बाजूने जॅझमधली मुक्त, ठरलेल्या चौकटीत न वाजवणारी शाखा येते: ऑर्नेट कोलमन, अल्बर्ट आयलर, जर्मनीचा पेटर ब्रोट्झमन हे सॅक्सोफोनवाले. दुसऱ्या बाजूने रॉकमधली उग्र शाखा येते. पंक हे नाव रुजण्याआधीच, १९७० मध्ये, द स्टूजेस या रॉक बँडच्या "फन हाउस"वर स्टीव्ह मकायचा टेनर सॅक्स गिटारींच्या बरोबरीने गर्जतो. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांचं ऐकत होती, म्हणून पुढचं घडलं.

घरी ऐकण्याचा पहिला आठवडा

फोनचा स्पीकर बंद. बरे हेडफोन किंवा घरातले साधे स्टिरिओ स्पीकर चालतील. रोज एकच गोष्ट ऐका, पण तीनदा.

सुरुवात ऑर्नेट कोलमनच्या "लोनली वुमन"पासून करा. साल १९५९, अल्बम "द शेप ऑफ जॅझ टू कम". वाजवणारे चौघं: ऑर्नेट, कॉर्नेटवर (ट्रम्पेटचं धाकटं भावंड) डॉन चेरी, बासवर चार्ली हेडन, ड्रमवर बिली हिगिन्स. पियानो नाही, आणि तो नसल्यामुळे सुरांच्या पायाखाली ठरलेल्या कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांची, फरशी नाही. पहिल्यांदा फक्त धून ऐका. विलापासारखी आहे, संथ. दुसऱ्यांदा फक्त हिगिन्सची झांज ऐका. ती धावतेय! एकाच खोलीत दोन वेग एकमेकांना न अडवता नांदतायत. तिसऱ्यांदा बास ऐका, तो या दोघांच्या मधोमध उभा आहे. आपल्याकडच्या श्रोत्याची इथे एक विशिष्ट अडचण होते. आपला कान नकळत समेची वाट बघतो, आणि ती आली नाही की अस्वस्थ होतो. मला ही सवय मोडायला सर्वांत जास्त वेळ लागला. उपाय असा की आवर्तन मोजायचं नाही. वाद्यवृंद श्वास कुठे घेतो, दाट कुठे होतो, विरळ कुठे होतो, इकडे कान द्यायचा. आलाप ऐकताना आपण मात्रा मोजत नाही, अगदी तसं.

दुसऱ्या दिवशी ऑर्नेटचंच "फ्री जॅझ". २१ डिसेंबर १९६० रोजी हे ध्वनिमुद्रित झालं, अल्बम १९६१ मध्ये आला. सदतीस मिनिटांची एकच रचना, आणि एक नाही तर दोन चौकड्या एकाच वेळी वाजवतायत. एक डाव्या कानात, एक उजव्या. पहिल्यांदा ऐकणारा यात बुडून गुदमरतो. म्हणून उजवा हेडफोन काढून ठेवा आणि दहा मिनिटं फक्त डावी चौकडी ऐका: ऑर्नेट, चेरी, स्कॉट लाफारो, हिगिन्स. मग मागे जाऊन तीच दहा मिनिटं उजव्या कानाने ऐका: फ्रेडी हबर्ड, बास क्लॅरिनेटवर एरिक डॉल्फी, हेडन, एड ब्लॅकवेल. शेवटी दोन्ही कान. आता तो गोंगाट राहत नाही. आठ माणसं दिसू लागतात. ही युक्ती मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांच्या चेहऱ्यावर पाचव्या मिनिटाला बदल झालेला पाहिलाय.

तिसऱ्या दिवशी आयलरचा १९६४ सालचा "स्पिरिच्युअल युनिटी". त्यात "घोस्ट्स" ही रचना दोनदा आहे, दोन वेगळ्या रूपांत. धून इतकी सोपी की लहान मूलही गुणगुणेल. आईला मी ती ऐकवली होती. ती म्हणाली, "सुरुवात बडबडगीतासारखी आहे. पण आता तो रडतोय का रे?" मला वाटतं, आयलरबद्दल इतकं नेमकं मी स्वतः कधी बोललो नसेन. दोन्ही रूपं पाठोपाठ ऐका आणि धून कोणत्या क्षणी सुटते ते शोधा.

पुढे कन्टॉर्शन्स, मग लास्ट एक्झिट. लास्ट एक्झिट म्हणजे गिटारवर सॉनी शॅरॉक, सॅक्सवर ब्रोट्झमन, बासवर बिल लॅसवेल, ड्रमवर रोनाल्ड शॅनन जॅक्सन. १९८६ मध्ये हे एकत्र आले आणि तालीम न करता मंचावर चढायचे. शॅरॉकला सॅक्सोफोन वाजवायचा होता, पण दमा असल्यामुळे तो गिटारकडे वळला. हे माहीत असलं की त्याची गिटार वेगळी ऐकू येते. ती फुंकल्यासारखी वाजते. लास्ट एक्झिट जड गेला तर शॅरॉकचाच १९९१ चा "आस्क द एजेस" घ्या. सॅक्सवर फेरो सँडर्स आणि ड्रमवर एल्विन जोन्स आहेत, आणि धुनी अशा की मनात राहतात.

आठवड्याच्या शेवटी न्यूयॉर्कचा सॅक्सोफोनवाला जॉन झॉर्न याच्या नेकेड सिटी या बँडचा पहिला अल्बम. बिल फ्रिझेल, फ्रेड फ्रिथ, वेन हॉर्विट्झ, जोई बॅरन आणि काही तुकड्यांत किंचाळणारा यामात्सुका आय. एका तुकड्यात चित्रपटाची धून, दुसऱ्यात अर्ध्या मिनिटाचा हार्डकोअर (अतिवेगवान पंक) स्फोट. त्यातच "लोनली वुमन" पुन्हा भेटते. पहिल्या दिवशी जिच्यापासून निघालात तिचं तीस वर्षांनंतरचं रूप इथे आहे.

ब्रोट्झमनचा "मशीन गन" (मे १९६८, ब्रेमेन, आठ वादक, त्यात तीन टेनर सॅक्स) पहिल्या आठवड्यात नको. जाणकार मंडळी नवख्यांना मुद्दाम तोच आधी ऐकवतात, टिकतो का बघायला. मला हे अजिबात पटत नाही. पोहायला शिकवताना कुणी विहिरीत ढकलून द्यावं तसं आहे ते. काही जण तरतात, पण बाकीचे पुन्हा पाण्याजवळ येत नाहीत.

ऐकताना सॅक्सची तीन तंत्रं ओळखायला शिका. जोरात फुंकून सूर फोडणं. बोटं आणि ओठ यांच्या मेळातून एकाच वेळी दोन-तीन सूर काढणं. आणि वाजवता वाजवता घशातून गाणं, ज्याने आवाज खरखरीत होतो. चौथं एक आहे, ते आपल्याला ओळखीचं वाटेल: गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत सूर अखंड ठेवणं. इंग्लंडचा एव्हन पार्कर त्यावर वीस-वीस मिनिटं वाजवतो. पुंगीवाला हेच करतो.

आणि ओळखीचं म्हटलं तर आणखी एक धागा. न्यूयॉर्कच्या प्रयोगशील संगीतात एकच सूर लांबवर धरून ठेवण्याचं जे वेड आहे, त्यात १९७० पासून पंडित प्राणनाथांचा मोठा वाटा आहे. ते किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. न्यूयॉर्कचा संगीतकार ला मॉन्टे यंगने त्यांना गुरू मानलं, आणि डॉन चेरीही त्यांच्याकडे शिकला. याच घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले होते. तंबोऱ्याच्या जवारीत सूर कसा उलगडत जातो हे ज्याने ऐकलंय, त्याला गिटारच्या फीडबॅकमधले, म्हणजे स्पीकरचा आवाज तारांत परत शिरून उठणाऱ्या घुमाऱ्यातले, स्वर ऐकायला शिकवावं लागत नाही. फक्त तिकडे कान लावायचा हे सुचावं लागतं.

कार्यक्रम शोधताना

जागेपेक्षा वादकाचं नाव शोधा. या संगीतात एकच माणूस पाच-सहा गटांत वाजवत असतो. एक ड्रमर आवडला की त्याचे बाकीचे गट शोधायचे, त्यातून पुढचे दुवे मिळतात.

युरोपात किंवा अमेरिकेत असाल तर सोपं आहे. ॲम्स्टरडॅमचं बिमहाउस १९७४ पासून आहे आणि २००५ पासून पाण्याकाठच्या नव्या इमारतीत आहे. लंडनमधलं कॅफे ओटो २००८ मध्ये सुरू झालं. न्यूयॉर्कमध्ये झॉर्नने २००५ मध्ये द स्टोन काढलं. तिथे खाणंपिणं नाही, दाराशी जमलेले पैसे वादकांना. जर्मनीत मोअर्सचा महोत्सव १९७२ पासून भरतो. मुंबईत १९७८ मध्ये जॅझ यात्रा सुरू झाली, पुढे २००७ ते २०१६ लोअर परळच्या गिरणीच्या आवारात ब्लूफ्रॉग हा क्लब होता. आता मुंबई-पुण्यात असे कार्यक्रम कधी एखाद्या कॅफेत, कधी स्टुडिओत होतात. ते शोधावे लागतात, पण होतात. आणि तालवादक त्रिलोक गुर्टूंचा कार्यक्रम कुठेही असला तरी चुकवू नका. मुंबईत वाढलेला हा माणूस शोभा गुर्टूंचा मुलगा, डॉन चेरीबरोबर वाजवलेला. १९८८ च्या "उस्फ्रेत" अल्बमवर चेरी आणि शोभाताई दोघंही आहेत. घंटा, झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तो जो सूर वाकवतो, तो समोर बसूनच ऐकायला हवा.

कानांची काळजी: हा भाग वगळू नका

८५ डेसिबलचा आवाज कानांना दिवसात आठ तास झेपतो. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. छोट्या तळघरात ड्रमजवळ १०० ओलांडायला काही लागत नाही आणि कार्यक्रम दीड तासाचा असतो. हिशोब तुम्हीच करा.

म्हणून कानात बोळे हवेत. फोमचे स्वस्त आणि कुठेही मिळणारे, पण ते वरचे स्वर जास्त कापतात, त्यामुळे सगळं रजई पांघरून ऐकल्यासारखं वाटतं. वादकांसाठी बनवलेले इअरप्लग सगळे स्वर साधारण सारखे, पंधरा-वीस डेसिबलने खाली आणतात. पंक जॅझमध्ये झांज आणि सॅक्सचे वरचे स्वर हाच जीव असल्यामुळे हे दुसरेच घ्या. फोमचेच असतील तर नीट घाला: बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला बोळा कामाचा नाही.

एकदा मी बोळे खिशात ठेवूनच दोन तास उभा राहिलो. एकही झांज बदललेल्या आवाजात ऐकायची नव्हती मला. घरी येताना कानांत दडे बसले होते आणि रात्रभर बारीक शिट्टी वाजत होती. ती तिसऱ्या दिवशी थांबली. ते तीन दिवस मी खूप घाबरलो होतो. अशी शिट्टी एक-दोन दिवसांत गेली नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. एखाद्या कानाला अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी जा.

कुठे उभं राहायचं

नवखा माणूस दोनपैकी एक करतो. मंचाला चिकटतो, किंवा मागच्या भिंतीला टेकतो. दोन्ही ठिकाणी अर्धंच संगीत मिळतं.

छोट्या जागेत काय चालू असतं ते आधी बघा. ड्रम स्वतःच प्रचंड मोठे असतात, त्यांना माईक लागतोच असं नाही. गिटारचा आवाज तिच्या ॲम्पमधून, म्हणजे तिच्या स्वतःच्या स्पीकरच्या पेटीतून, थेट येतो. मोठ्या स्पीकरमधून बहुतेक वेळा फक्त गायकाचा आवाज, सॅक्स आणि थोडा बास येतो, कारण एवढ्यांनाच मदतीची गरज असते. मंचाला चिकटून उभे राहिलात तर हे स्पीकर तुमच्या मागे किंवा बाजूला राहतात. मग ड्रम आणि गिटार दणक्यात ऐकू येतात आणि सॅक्स हरवतो. लोक म्हणतात, साउंड वाईट होता. साउंड वाईट नसतो, जागा चुकलेली असते.

मागच्या भिंतीशी उलटं होतं. खालचे स्वर भिंतींशी आणि कोपऱ्यांत साठतात. तिथे बास घुमतो, बाकी सगळं त्याखाली गाडलं जातं. कोपरा तर टाळाच.

गिटारच्या ॲम्पचं आणखी एक आहे. वरचे स्वर त्यातून टॉर्चच्या झोतासारखे सरळ निघतात. ॲम्पच्या बरोबर समोर असाल तर कान चिरतात, दोन पावलं बाजूला झालात तर तीच गिटार मऊ होते. ही दोन पावलं तुमच्या हातात आहेत.

नेमकी जागा कोणती? मिक्सरवर बसलेला साउंडवाला जिथे असेल त्याच्या जवळ, शक्यतो त्याच्या पुढे एक-दोन हात. तो जे ऐकतो त्यावरून सगळं जुळवत असतो, म्हणजे तिथे ते जुळलेलं असतं. डावी-उजवी बाजू बघून मधल्या रेषेत या. समोर उंच माणूस असेल तर सरका. अंगं आणि कपडे वरचे स्वर खातात. सॅक्सचं रुंद तोंड दिसत नसेल तर त्याचे वरचे स्वर तुमच्यापर्यंत नीट येत नाहीत. रिकाम्या हॉलमध्ये साउंड चेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवताना, खणखणीत वाटणारा बँड गर्दी झाल्यावर बसका वाटतो, त्याचंही कारण हेच.

जागा मोठी असेल तर अंतर जाणवू लागतं. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. तीस मीटर मागे असाल तर काठी झांजेवर पडलेली दिसते आणि सेकंदाच्या अकराव्या हिश्श्यानंतर ऐकू येते. इतका फरक डोळ्याला खटकतो, आणि या संगीताचा सगळा भर एका क्षणाच्या आघातावर असल्यामुळे ते पातळ होतं. म्हणून मी मोठ्या महोत्सवापेक्षा छोटी खोली निवडतो.

उभं राहून ऐकण्याची जागा असेल तर एक प्रयोग कराच. पहिली रचना साउंडवाल्याजवळ ऐका. दुसरी ड्रमरच्या बाजूला, बोळे घालून. तिसरी एका कडेला, जिथून वादकांचे चेहरे दिसतील. एकाच संध्याकाळी तीन वेगवेगळे बँड ऐकल्यासारखं होतं आणि खोली म्हणजे काय ते कळतं.

मध्येच एखादा माईक शिट्टी मारू लागला तर साउंडवाल्याकडे रागाने बघू नका. माईकला स्पीकरचा आवाज पुन्हा ऐकू जातो आणि तो फेरा वाढत जातो. सॅक्सवाला माईकपासून लांब जाऊन हलकं वाजवायला लागला की साउंडवाल्याला माईकचा आवाज वाढवावा लागतो, तेव्हा हे होतं. चिमटीने सॅक्सवरच बसवलेला माईक असेल तर वादक हवा तसा हिंडू शकतो, पण मग हवेतून येणारा पूर्ण आवाज मिळत नाही. उभ्या माईकवर तो मिळतो. दोन्हींचं आपापलं दुखणं आहे.

काय बघायचं

डोळे मिटून ऐकायची आपली सवय इथे थोडी बाजूला ठेवा. मोकळ्या सादरीकरणात खुणा चालू असतात: भुवई, मान, बासवाल्याने ड्रमरकडे टाकलेली नजर. झॉर्नची १९८४ ची "कोब्रा" तर उघडउघड खेळच आहे. मधला माणूस पत्ते दाखवतो, वादक हाताने, डोक्याने खुणा करून मागण्या करतात, आणि काय वाजवायचं ते न सांगता कोणी कधी वाजवायचं एवढंच ठरतं. अमेरिकन संगीतकार बुच मॉरिसने १९८५ पासून हाताच्या खुणांची अशीच भाषा घडवली. हे रेकॉर्डवर दिसत नाही.

दाद देण्याबद्दल एक. बैठकीत आपण जागा आवडली की तिथल्या तिथे "वाह" म्हणतो. इथे एकल वादन संपल्यावर टाळ्या चालतात, कधी ओरडणंही चालतं. पण रचना शांत होत संपली तर वादकाचे हात खाली येईपर्यंत थांबा. ती शांतता त्यांनी वाजवलेलीच असते.

त्याबद्दल बोलताना

कार्यक्रमानंतर दाराबाहेर जे घोळके उभे राहतात, त्यांत नवखा बहुधा गप्प असतो. त्याला वाटतं, आपल्याला नावं माहीत नाहीत. नावांची गरज नसते. काय ऐकलं ते सांगा. "दुसऱ्या रचनेत सॅक्स थांबला आणि तरी एक सूर चालूच होता, तो कशाचा होता?" असा प्रश्न विचारलात तर जाणकारही विचारात पडतात, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांना तो ऐकूच आलेला नसतो. घरी ऐकलेल्याबद्दल बोलताना मिनिट-सेकंद सांगा. "भारी आहे" म्हटलं की गप्पा तिथेच थांबतात. "चौथ्या मिनिटाला ड्रमर ठेका सोडतो आणि बास एकटा धरून ठेवतो" म्हटलं की सगळे पुन्हा तिथे जाऊन ऐकतात.

आवडलं नाही तर तेही सांगा, पण काय खटकलं ते शोधून. आणि "हे संगीतच नाही" म्हणणाऱ्यांशी भांडू नका. त्यांना "लोनली वुमन" ऐकवा.

ध्वनिमुद्रण करायचं असेल तर

चाहत्यांनी कार्यक्रम टिपून ठेवण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेत ग्रेटफुल डेड या रॉक बँडने १९८४ मध्ये टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून दिली. पण सगळे वादक असे नसतात. आधी विचारा. कार्यक्रमाआधी, वादकाला स्वतःला. नाही म्हणाले तर विषय संपला.

फोन बहुधा नको. तो आवाज स्वतःच वरखाली करतो, म्हणजे मोठा आघात आला की सगळं दाबतो आणि शांततेत कुजबुज मोठी करतो. या संगीतात नेमकं हेच अंतर महत्त्वाचं असतं. दोन माईकचा हातातला रेकॉर्डर घ्या, स्वयंचलित पातळी बंद करा, चोवीस बिटची वेव्ह फाइल निवडा. साउंड चेकला सर्वांत मोठा आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास दिसेल अशी पातळी लावा, कारण खरा कार्यक्रम त्याहून मोठाच होतो. पातळी कमी करूनही आवाज फाटत असेल तर फाटतोय तो माईक, मग मागे सरकण्याशिवाय इलाज नाही. रेकॉर्डर लहान स्टँडवर, डोक्यांच्या वर, साउंडवाल्याच्या जागेजवळ ठेवा आणि त्याच्या बाजूला टाळ्या वाजवू नका.

मिक्सरमधूनही घेता येईल का, असं नवे लोक विचारतात. त्यांना वाटतं ते सर्वांत स्वच्छ असेल. छोट्या जागेत ते निराश करतं. ड्रम आणि गिटार खोलीत आपोआप मोठे असल्यामुळे मिक्सरमध्ये ते जवळजवळ नसतातच. रेकॉर्डिंगमध्ये सॅक्स आणि आवाज कोरडे, उघडे ऐकू येतात आणि मागे ड्रम शेजारच्या घरात वाजल्यासारखे. दोन्ही घेऊन एकत्र केलं तर मात्र सुंदर होतं. तेव्हा लक्षात ठेवा, दहा मीटरवरचा माईक मिक्सरपेक्षा सुमारे एकोणतीस मिलिसेकंद मागे असतो, तेवढा तो पुढे ओढावा लागतो. शिवाय दोन यंत्रांची घड्याळं तासाभरात थोडी हटतात, म्हणून शेवटीही जुळवून बघा.

फाइलला तारीख, गाव, जागा, वादकांची नावं आणि कोणत्या माईकने कुठून घेतलं ते लिहा. मूळ फाइल तशीच ठेवा, प्रत फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता फाइल लहान करणारा प्रकार) करा. पहिली प्रत वादकांना, आणि त्यांच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणालाही नाही. बँड स्वतःच्या मैफिलींची रेकॉर्डिंग विकत असेल तर ती विकत घ्या. टेबलावर ठेवलेल्या एका रेकॉर्डच्या पैशात कधीकधी त्यांच्या पुढच्या गावापर्यंतच्या प्रवासाचं निघतं.

आणि यंत्र लवकर बंद करू नका. अशाच एका रात्रीची प्रत मी ड्रमरला पाठवली होती. त्याचं उत्तर आलं, आभार मानले होते, आणि शेवटी विचारलं होतं की लोक जायला लागल्यावर आम्ही दोघा वादकांनी पाच मिनिटं वाजवलं, ते आहे का. नव्हतं. तेव्हापासून जिन्यावरची शेवटची पावलं वर जाईपर्यंत मी रेकॉर्डरला हात लावत नाही.